नकाशात माझं घर कुठंय?

परवा बचत गटाची बैठक संपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, बाया पायात चपला घालू लागल्या, तरी एक मैत्रीण काही जागची हलेना. सगळ्या गेल्यावर तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक घडी काढली. शंभर रुपयांचा मुद्रांक, घडीवर चिरत आलेला. म्हणाली, "ताई, हे वाचून द्या न जरा. टीव्हीवर सांगून राह्यले का गुंठ्याचं आता कायदेशीर झालं म्हनून. मंग माहा पलाट माहा झाला का?"

कागद २०१४ सालचा. प्लॉट नंबर सतरा, क्षेत्र बाराशे चौरस फूट, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला प्लॉट नंबर अमुक. खाली नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. घेणार म्हणून नवऱ्याचं नाव. हिचं नाव कुठंच नाही. अंगठा नाही, साक्षीदार म्हणूनसुद्धा नाही. आणि पैसा कुणाचा म्हणाल, तर हिच्या एकदाणीचा. वर गटातून उचललेलं कर्ज, ते तिनं दोन हंगाम सोयाबीन सोंगायला जाऊन फेडलं. हे मला माहीत आहे, कारण गटाची वही माझ्याकडं असते.

तिच्या प्रश्नाला मी तेव्हा धड उत्तर देऊ शकले नाही. "पाहून सांगते" म्हटलं. मग पाहिलं, विचारलं, दोन-तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढं मांडते आहे, कारण असा घडी पडलेला कागद तुमच्यापैकी अनेकींच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवलेला असणार, याची मला खात्री आहे.

मैत्रिणींनो, जमिनीचा विषय निघाला की आपण आपसूक चहा ठेवायला उठतो. सातबारा, फेरफार, एनए, लेआऊट हे पुरुषांचं बोलणं. पण त्या बोलण्यातून जे ठरतं ते भोगतं कोण? माझ्या या मैत्रिणीच्या वस्तीचंच बघा. आमच्या गुरुकुंजाहून जाणाऱ्या अमरावती-नागपूर महामार्गापासून आत, पूर्वीच्या तुरीच्या वावरात ही वस्ती झाली. विकणाऱ्यानं चुन्याच्या फक्की मारून चौकोन पाडले, चार झेंडे लावले, कागदावर रस्ताही दाखवला. रस्ता कागदावरच राहिला. आपली काळी माती कशी असते ते वऱ्हाडातल्या बाईला काय सांगायचं. मृगाचे दोन पाऊस झाले की घोट्याएवढा चिखल, चप्पल हातात घ्यावी लागते. नाली नाही म्हणून धुण्याभांड्यांचं पाणी दाराशीच मुरतं, आणि त्यावरून शेजारणीशेजारणींची भांडणं. तीन वर्षांपूर्वी तिच्या जावेला रात्री कळा सुटल्या. १०८ ची गाडी आली, पण महामार्गाच्या कडेलाच उभी राहिली, आत येईना. चार माणसांनी बाजेवर घालून बाईला गाडीपर्यंत नेलं. देवाची दया, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण ज्या कागदावर पूर्वेला रस्ता लिहिलेला होता, तो कागद त्या वेळी ट्रंकेतच होता.

म्हणून म्हणते, जमिनीचं नियोजन हा बाईचाच विषय आहे.

आता मूळ गोष्ट. शेतजमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ सालचा एक कायदा आहे, त्याला आपण तुकडेबंदी कायदा म्हणतो. हेतू चांगला. अर्ध्या एकराच्या खालच्या वावरात बैलजोडी फिरवायची कुठं आणि पोट भरायचं कसं? त्या कायद्यानं ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा शेतीतून काढून विकता येत नाही. हे क्षेत्र जिल्ह्याजिल्ह्यात वेगळं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासनानं ते बहुतेक जिल्ह्यांसाठी सारखं केलं, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे. आता हिशेब करा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. माझ्या मैत्रिणीचा बाराशे फुटांचा प्लॉट म्हणजे त्याचा अठरावा हिस्सा. तो नोंदवला जाणार कसा? विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं दुय्यम निबंधकाकडं न नेता नोटरीकडं नेलं. नोटरीचा शिक्का गोल असतो, लाल असतो, त्याच्यावर सिंह असतो. आपल्याला वाटतं सरकारचं झालं. नोटरी फक्त एवढंच सांगतो की ही सही माझ्यासमोर झाली. जमीन कुणाची झाली ते तो सांगत नाही. (शंभराचा मुद्रांकही आता इतिहासजमा झाला बरं का, ऑक्टोबर २०२४ पासून कमीत कमी पाचशेचा लागतो.)

या कायद्याचा जाच खऱ्या गरजवंतांनाही झाला. घरकुल मंजूर, पण जागा नाही. भाऊ दोन गुंठे द्यायला तयार, पण नोंद होईना. विहिरीला जागा हवी, तिथंही तेच. मार्च २०२४ मध्ये त्यासाठी वेगळे नियम निघाले. विहिरीसाठी पाच गुंठ्यांपर्यंत, शेतरस्त्यासाठी, आणि सरकारी घरकुल योजनेतल्या लाभार्थ्याला हजार चौरस फुटांपर्यंत जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं घेता येते. हे आपल्या अंगणवाडी ताईंना, आशाताईंना माहीत असायला हवं, कारण घरकुलाच्या यादीची चौकशी करायला बाई आधी त्यांच्याकडंच जाते.

मग आला नोव्हेंबर २०२५ चा अध्यादेश, ज्याची बातमी मैत्रिणीनं टीव्हीवर ऐकली. त्यात असं आहे की १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात तुकडेबंदीच्या विरुद्ध झालेले व्यवहार नियमित करायचे आणि त्यासाठी वेगळं शुल्क घ्यायचं नाही. याआधी बाजारभावाच्या पंचवीस टक्के रक्कम भरावी लागे, मग ती पाच टक्क्यांवर आणली, आता तीही माफ. नोंदणीकृत खरेदीखत असूनही ज्यांची नावं सातबाऱ्यावर चढली नव्हती किंवा 'इतर हक्क' या रकान्यात अडकली होती, त्यांची नावं कब्जेदार म्हणून लावायची. आणि ज्यांचा व्यवहार नुसताच नोटरीवर झाला, त्यांना आता मुद्रांक शुल्क व नोंदणी फी भरून खरेदीखत नोंदवता येतं.

पण थांबा. हे सरसकट साऱ्या शेतांना लागू नाही. शहरांच्या हद्दी, नियोजनात राहण्यासाठी किंवा इतर बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनी, आणि गावठाणाला लागून असलेला पट्टा, अशा जमिनींसाठी हे आहे. शिवाराच्या मधोमध घेतलेल्या तुकड्याला नाही. म्हणजे तुमचा प्लॉट नियोजनाच्या नकाशावर कुठं पडतो त्यावर सगळं अवलंबून. म्हणून मैत्रिणीला मी म्हटलं, आधी नकाशा पाहू. ती म्हणाली, "कोनता नकाशा?"

हा प्रश्न साधा नाही. आमच्या मोझरीत 'आराखडा' हा शब्द उच्चारला की लोकांना एकच आठवतं, तीर्थक्षेत्राचा विकास आराखडा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं आश्रम उभारला, १९६८ साली इथंच देह ठेवला, आणि पुण्यतिथीच्या दिवशी संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक जागच्या जागी मौन उभे राहतात. त्या गर्दीसाठी रस्ते, सभागृहं, सोयी करायला राज्य शासनानं जो आराखडा मंजूर केला, तो कामांचा आणि पैशांचा आराखडा. दुसरा असतो ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा, 'आमचं गाव आमचा विकास' म्हणून जो ग्रामसभेत ठेवतात तो. तोही खर्चाचाच. वित्त आयोगाचा पैसा कुठं लावायचा ते त्यात ठरतं. आणि तिसरी असते ती योजना, जिची कुणाला खबर नसते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ याखाली होणारी. शहराची असेल तर विकास योजना, शहराबाहेरच्या मोठ्या भागाची असेल तर प्रादेशिक योजना. हिच्यात पैसे नसतात, रंग असतात. कुठं राहायचं, कुठं कारखाना, कुठं शेतीच राहणार, कुठून रस्ता जाणार, कुठं शाळा, बाजार, दवाखाना, बगिचा, स्मशान हे रंगवून ठरवलेलं असतं. आणि ते ठरलं की कायदा होतो. शब्द जवळपास एकच, वस्तू तीन. आपली गफलत होते ती इथं.

एक आगळी गोष्ट कळली. नगररचनेचा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला. पण आपलं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळं तो आपल्याला लागूच नव्हता. तरी गाव कसं वसवावं, रस्ते कसे रुंद असावेत, सांडपाणी कुठं जावं याचा विचार इथं झाला नाही असं कोण म्हणेल? ग्रामगीतेचे ४१ अध्याय आहेत, त्यात गावाच्या रचनेचं आणि स्वच्छतेचं बोलणं आहे, आणि महिलोन्नतीचा वेगळा अध्याय आहे. महाराज विनोबांच्या भूदानातही उतरले होते. घरोघरी ग्रामगीतेचं पारायण होतं, आरती होते. आणि त्याच गावांच्या वेशीवर रस्ता न सोडता प्लॉट विकले जातात. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे ते खरं.

१९६६ च्या कायद्यात शहराची योजना होते कशी ते थोडक्यात सांगते, कारण त्यात आपल्याला बोलायची जागा आहे. आधी पालिका योजना करण्याचा इरादा जाहीर करते. मग आज कुठं काय आहे त्याचा, म्हणजे अस्तित्वातल्या भूवापराचा नकाशा होतो. त्यावरून प्रारूप योजना होते, ती राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत जाहीर होते, आणि लोकांना हरकती-सूचना द्यायला ३० दिवस मिळतात. त्यावर नियोजन समिती सुनावणी घेते, शेवटी शासन मंजुरी देतं. मग ती योजना वीस-वीस वर्षं चालते. वीस वर्षांचं ठरायला आपल्याकडं तीस दिवस! आणि त्या तीस दिवसांत हरकत कोण देतं? ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं तो. त्यानं देऊच नये असं नाही, त्याची जमीन आहे. पण "इथं मुलांचं मैदान दाखवलंय ते राहू द्या" किंवा "भाजीबाजारात बायांसाठी स्वच्छतागृहाची जागा दाखवा" असं लिहून देणारा एक तरी अर्ज असतो का? मी एका ओळखीच्या अभियंत्याला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "ताई, अशी सूचना आली तर आम्ही फ्रेम करून लावू."

मैदानाचं आणखी एक सांगते. योजनेत एखादी जागा मैदानासाठी राखून ठेवली, पण दहा वर्षांत पालिकेनं ती ताब्यात घेतलीच नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांतही संपादनाची हालचाल झाली नाही तर आरक्षण संपतं. मालकाच्या बाजूनं हे न्याय्यच आहे, त्याची जमीन जन्मभर अडकवून कशी ठेवायची? पण परिणाम काय? पालिकेच्या कपाटात एक नोटीस पडून राहते, दोन वर्षं उलटतात, आणि गावातल्या मुलांचं मैदान जातं. कुणी मोर्चा काढत नाही, कारण ते मैदान होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. तालुक्याच्या गावच्या मैत्रिणींनी आपल्या पालिकेत एवढंच विचारावं की आरक्षणांची यादी दाखवा आणि त्यातली किती ताब्यात आली ते सांगा. ही यादी मागायला वकील लागत नाही.

नियम आता पूर्वीपेक्षा सोपेही झाले आहेत, हेही सांगायला हवं, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. पूर्वी प्रत्येक शहराची बांधकाम नियमावली वेगळी. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे थोडे अपवाद सोडून सगळ्या राज्याला एकच एकात्मिक नियमावली लागू झाली. तिच्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर साधं घर बांधायचं तर परवानगीसाठी थांबायचं कारण नाही. कागदपत्रं आणि शुल्क भरून कळवायचं आणि काम सुरू करायचं. तीनशे मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी. खेड्यांसाठीही फेब्रुवारी २०२१ मध्ये तसाच निर्णय झाला. गावठाणात ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला नगररचना विभागाकडं जायची गरज नाही, ग्रामपंचायतीतच काम होतं. पण याचा पाया काय? प्लॉट मंजूर असला पाहिजे, मालकी साफ असली पाहिजे. माझ्या मैत्रिणीसारख्यांना या सोयीचा उपयोग शून्य. ताट वाढलेलं आहे, पण पंगतीत हिला पाटच नाही.

म्हणून त्या अध्यादेशाबद्दल माझं मन दोन्हीकडं ओढतं. ज्या लाखो कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन प्लॉट घेतले त्यांना जन्मभर बेकायदा म्हणायचं का? नाही. नियमित करणं हा न्याय आहे. पण यातून सुटलं कोण ते बघा. गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड नियमित होणार होते. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकली. आणि आता तुकडेबंदीत १५ ऑक्टोबर २०२४. दर वेळी तारीख पुढं जाते आणि प्लॉट पाडणाऱ्याला कळतं की थोडा धीर धरला की सरकार माफ करतंच. त्यानं रस्ता सोडला नाही, नाली काढली नाही. नियमानं एक एकरावरच्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवायची असते, ती त्यानं प्लॉट म्हणून विकली. त्याला दंड कुठं आहे? मुद्रांक शुल्क भरणार माझी मैत्रीण. आणि नाव लागलं तरी तिच्या दारात रस्ता येणार नाही, कारण मालकी नियमित होणं वेगळं आणि वस्ती नियोजनात बसणं वेगळं. ग्रामपंचायत म्हणते लेआऊट मंजूर नाही, खर्च कसा करू? घराचा कर मात्र घेते. करपावती आहे म्हणजे आपलं घर पक्कं, असं अनेकींना वाटतं. करपावती म्हणजे कर भरल्याची पावती, एवढंच.

नवीन प्लॉट घेणार असाल तर माझी हात जोडून विनंती आहे, बोर्डावरच्या 'एनए प्लॉट' या अक्षरांवर जाऊ नका. मंजूर लेआऊटचा नकाशा मागा, शिक्क्यासकट, आणि त्यावर तुमच्या प्लॉटचा नंबर, रस्ता आणि मोकळी जागा बोटानं दाखवायला सांगा. पाचशे चौरस मीटरवरच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते, प्लॉटच्या लेआऊटलासुद्धा. तो नंबर मागा आणि घरातल्या पोराला मोबाईलवर तपासायला लावा. "सातबाऱ्यावर सामायिक नाव लावून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत फिरा. वीस जणांच्या सामायिक खात्यात तुमचा कोपरा कोणता ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पसंत पडलेली जागा एकदा पावसाळ्यात बघून या. ही शेवटची गोष्ट कायद्यात नाही, माझी आहे.

आता नावाचं. मघा म्हटलं, पैसा हिच्या एकदाणीचा आणि नाव नवऱ्याचं. नवरा वाईट आहे असं नाही हो, चांगला आहे बिचारा. त्याच्या मनातच आलं नाही. तिच्याही नाही! पण याच अमरावतीत १९८९ साली शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं होतं आणि शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. नवऱ्यानं स्वखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा. गावंच्या गावं त्यात उतरली. १९९२ मध्ये शासनानं बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायचा निर्णयही काढला. घरासाठी २००३ मध्ये 'घर दोघांचे' आलं, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत नवरा-बायको दोघांचं नाव. इतकं सगळं आपल्या मातीत झालेलं असताना २०१४ सालच्या कागदावर तिचं नाव नाही. मी गटातल्या बायांना विचारलं, नमुना आठचा उतारा कुणी पाहिलाय? दोघींनी हात वर केला. त्यातली एक सरपंच राहिलेली.

ज्यांची घरं गावठाणात आहेत त्यांच्यासाठी सध्या मोलाची वेळ आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायचं काम चालू आहे. शहरातल्या सारखं आता खेड्यातल्या घरालाही सरकारी मालकीपत्र. बँक त्यावर कर्ज देऊ शकते. पण ड्रोन वरून छपरं मोजतो, छपराखाली कोण राबतं ते त्याला दिसत नाही. नावं लागतात ती खालच्या चौकशीत, दाखवलेल्या कागदांवरून. त्या दिवशी बाई वावरात आणि पुरुष पारावर, तर पत्रिकेवर नाव कुणाचं येणार? चौकशीची नोटीस लागली की त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, पण हजर राहा. घर किंवा शेती नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं द्यायची तर आपल्या राज्यात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, उपकर-नोंदणी वेगळी. आणि नवीन तयार घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, एप्रिल २०२१ पासून. नवऱ्याचं नाव जोडलं की ती सूट जाते. इथं मात्र घरात थोडी चर्चा होईल, होऊ द्या.

माझं मागणं शासनाकडं फार नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असं ग्रामपंचायतीच्या कायद्यातच आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवर होते, घरोघरी वही फिरवून सह्या घेऊन. ती सभा खरी भरवा आणि तिच्यात एकदा तरी प्रादेशिक योजनेचा आपल्या गावापुरता नकाशा भिंतीवर लावा. कोणता रंग कशाचा ते मराठीत सांगा, 'सक्षम प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीच्या अधीन राहून' अशा मराठीत नव्हे. अध्यादेशाचा लाभ द्यायचा तर तहसील आणि दुय्यम निबंधक यांची शिबिरं गावात घ्या. कारण विकणारा दहा वर्षांत कुठं गेला, कुठं मेला, वारस कोण, सही कोण करणार, हे एकट्या बाईनं शोधत फिरायचं म्हणजे तिला आणखी एक एकदाणी मोडावी लागेल. आणि ज्या वस्त्या नियमित कराल तिथं रस्त्याची जागा आधी आखा, मग नावं लावा. उलटं केलंत तर पुन्हा रस्ता कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून काढावा लागेल.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली. गटातल्या आठ बाया मिळून नकाशा पाहायला गेलो. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी, हे आम्हाला तिथंच समजलं. नावं लांबली, बाकी खुर्ची तीच. नकाशा पसरला तेव्हा सगळ्या वाकून आपापलं घर शोधू लागल्या. महामार्गाची जाड रेघ सापडली, आश्रम सापडला, दासटेकडी सापडली. मग गट नंबर, मग गावठाणाची हद्द. मैत्रिणीचं बोट रेघेवरून सरकत सरकत थांबलं. तिचं वावर गावठाणालगतच्या पट्ट्यात येतं. पट्टा अगदी काठावर संपतो. तिच्या मागच्या दोन ओळींतली घरं बाहेर राहतात. त्या दोन ओळींतली एक बाई आमच्यासोबतच होती. ती काही बोलली नाही, नकाशाची सुरकुती हातानं सारखी करत राहिली. तिच्यासाठी काय करता येईल ते मी अजून विचारते आहे.

विकणारा वारला आहे, पण त्याचा मुलगा सही द्यायला तयार झाला. कागदावर नवऱ्याचं नाव असलं तरी खरेदीखत दोघांच्या नावे करायचं असं नवऱ्यानं स्वतःहून म्हटलं, आणि विकणाऱ्याच्या मुलाचीही त्याला ना नाही. मुद्रांकाच्या पैशासाठी तिनं पुन्हा गटाकडं अर्ज केला आहे. या वेळी कर्जाच्या कारणात मी 'प्लॉट' असं न लिहिता 'माझ्या नावची नोंदणी' असं तिच्याच हातानं लिहून घेतलं. काल रात्री तिचा फोन आला. सोमवारची वेळ मिळाली आहे, अकराची.

"ताई, तुमी येसान ना?"

"येते की."

"आन् ताई, सही कराची का अंगठा? मी सही शिकून राह्यली पोरीजवळून."